नोव्हेंबरात दाखवता, मग जानेवारीत का नाही?

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई.

सादर नमस्कार.

मी फोंड्याची. एकतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाले. चित्रपटाच्या धंद्याशी माझा काही संबंध नाही, मी तिकीट काढून बघणारी बाई. पण २००४ साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला तेव्हापासून दर नोव्हेंबरात डेलिगेट कार्ड गळ्यात अडकवून पणजीला जाते. सकाळची कदंबा बस पकडायची, जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात नाहीतर कला अकादमीत रांग लावायची, मधे कुठं जागा मिळेल तिथं डबा खायचा आणि रात्रीचा शेवटचा खेळ संपला की कुणाच्या तरी गाडीतून घरी. मुलं लहान होती तेव्हासुद्धा हे नऊ दिवस मी कुणाला दिले नाहीत.

या नऊ दिवसांत मी जे पाहिलं त्याला तुमचं प्रमाणपत्र नव्हतं. महोत्सवातल्या चित्रपटांना मंत्रालय प्रमाणनातून सूट देतं, हे मला पुष्कळ वर्षं ठाऊकही नव्हतं. मला एवढंच दिसायचं की पडद्यावर दोन बायका एकमेकींवर प्रेम करताहेत, दोन पुरुष एका घरात म्हातारे होताहेत, आणि सभागृहात माझ्यासारखेच लोक शांतपणे बघताहेत. फोंड्याचे, म्हापशाचे, काणकोणचे, बेळगावहून आलेले. कुणी उठून गोंधळ घातलेला मी पाहिला नाही. दिवे लागले की लोक उठायचे, चहा प्यायचे, पुढच्या रांगेत उभे राहायचे.

मग महोत्सव संपतो. तीच पणजी, तीच खुर्ची, तीच मी. आणि जानेवारीत मला दोन माणसांचं प्रेम झेपेल की नाही याचा निर्णय मुंबईत, माझ्या माघारी होतो. नोव्हेंबरात जिच्यावर विश्वास ठेवता येतो तिच्यावर जानेवारीत का ठेवता येत नाही, हे विचारायला हे पत्र.

माझ्या धाकट्या भावाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. त्याला विचारून लिहितेय. नाव मात्र त्यानं लिहू दिलेलं नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. इफ्फीत रात्रीच्या खेळाला मी त्याला आग्रहानं नेलं होतं. चित्रपट कुठल्या देशाचा होता तेही आता आठवत नाही. दोन म्हातारे. एक आजारी, दुसरा त्याचं सगळं करणारा. एका प्रसंगात तो खिडकीशी बसून आजारी माणसाच्या पायाची नखं कापतो. फार वेळ चालतो तो प्रसंग. संवाद नाहीत, संगीत नाही, नेलकटरचा टक् टक् आवाज तेवढा. कापून झाल्यावर तो नखं तळहातावर गोळा करतो आणि त्या पावलावर हात ठेवून नुसता बसून राहतो. मी भावाकडं पाहिलं तर तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. लहानपणी रडू आवरायचं असलं की असाच बसायचा.

बाहेर पडलो, रोस-ऑम्लेटच्या गाड्यापाशी उभे राहिलो. पाव मोडता मोडता, माझ्याकडं न बघता तो म्हणाला, ‘‘ताय, तो हांव.’’

तो मी. एवढंच. चाळिशी जवळ आलेला माणूस, बँकेत चांगल्या हुद्द्यावर, मडगावात ‘मित्रा’सोबत एका फ्लॅटमध्ये किती वर्षं राहतोय. आम्ही बहीण-भाऊ जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो होतो, हा एक सोडून. मला काही कळत नव्हतं असं नाही. पण विचारायला माझ्याकडं शब्द नव्हते आणि सांगायला त्याच्याकडं. शब्द त्या नखं कापणाऱ्या म्हाताऱ्यानं दिले.

आता दुसरा एक प्रसंग सांगते. त्याच्या कितीतरी आधीचा. एका थिएटरात आम्ही सगळं घर हिंदी विनोदी चित्रपट बघायला गेलो होतो. दोन पुरुष चुकून एका पांघरुणाखाली सापडतात, दार उघडणारा किंचाळतो आणि थिएटर हसून लोळतं. त्या दिवशी आमच्या रांगेत सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो माझा भाऊ. असल्या प्रसंगात पहिला हसणारा तो का असायचा, हे मला रोस-ऑम्लेटच्या गाड्यावर कळलं.

पांघरुणाखालचे असले विनोद वर्षानुवर्षं ‘यू’ नाहीतर ‘यूए’ घेऊन घराघरांत पोचले आहेत. मुलांनी पाहिले, शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यांच्या नकला केल्या. माझ्याच शाळेत केल्या, आणि मी मागं उभी राहून पाहत होते. थांबवल्या नाहीत, हे मला आजही खुपतं.

मी कायद्याची जाणकार नाही, पण वाचायची सवय आहे. तुमच्या कामाचा आधार असलेली ६ डिसेंबर १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं मी वाचली. त्यात एक कलम लैंगिक विकृतींबद्दल आहे. अशी दृश्यं टाळावीत, आणि विषयाची गरजच असेल तर ती अगदी कमी करावीत, तपशील दाखवू नये, असा त्याचा आशय. विकृती म्हणजे काय, ते कुठंच सांगितलेलं नाही. १९९१ साली कलम ३७७ जिवंत होतं, तेव्हा त्या शब्दात कोण कोण कोंबलं गेलं असेल ते सांगायला नको. पण ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की प्रौढ माणसांचं राजीखुशीचं समलैंगिक नातं हा गुन्हा नाही. त्या निकालात न्या. इंदू मल्होत्रा यांनी तर लिहिलं की इतिहासानं या माणसांची माफी मागायला हवी. त्याच तत्त्वांत दुसरीकडं म्हटलंय की चित्रपट अखंड बघावा, एकूण परिणामावर जोखावा आणि आजच्या काळाचे मापदंड लावावेत. आजचा काळ म्हणजे २०१८ नंतरचा काळ, असंच मी समजते.

तुम्ही नेहमीच चुकलात असं मी म्हणणार नाही, ते खरंही नाही. दीपा मेहता यांचा ‘फायर’ तुम्ही १९९८ मध्ये प्रौढांसाठी म्हणून पास केलात. दोन जावांच्या नात्याचा चित्रपट. हिंदीत एका पात्राचं नाव तेवढं बदलायला लावलं, कात्री लावली नाही. डिसेंबरात मुंबई-दिल्लीत थिएटरांवर हल्ले झाले, चित्रपट पुन्हा तुमच्याकडं पाठवला गेला, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये मंडळानं तो पुन्हा, न कापता, पास केला. बाहेर काचा फुटत असताना तेव्हाच्या सदस्यांनी आपलं मत बदललं नाही. निदर्शनांच्या धमकीपुढं अभिव्यक्ती दाबता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच एस. रंगराजन खटल्यात सांगून ठेवलं होतं. तुम्ही ते पाळलंत. त्या निर्णयाचा मला आदर आहे आणि तुमच्या कचेरीत तो कुणीतरी नव्या सदस्यांना वाचून दाखवावा असं मनापासून वाटतं.

मग २००३ मध्ये ‘गुलाबी आईना’ला प्रमाणपत्र नाकारलं गेलं. २०१५ मध्ये ‘अनफ्रीडम’ला. २०१६ मध्ये जयन चेरियन यांच्या ‘का बॉडीस्केप्स’ला नकार देताना जी कारणं दिली गेली त्यात समलैंगिक संबंधांचं उदात्तीकरण हेही एक होतं, आणि दिग्दर्शकाला केरळ उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. उदात्तीकरण हा शब्द वाचून मी थबकले. आपल्याकडं शेकडो चित्रपटांत नकार देणाऱ्या मुलीचा पाठलाग करणारा नायक शेवटी तिचा हात मिळवतो. त्या पाठलागाचं उदात्तीकरण झालं, असं कारण देऊन प्रमाणपत्र नाकारल्याचं माझ्या वाचनात कधी आलं नाही.

आणि त्याच २०१६ सालातला ‘अलीगढ’. मराठी शिकवणारी बाई म्हणून ही गोष्ट मला फार लागते. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. मराठीत कविता लिहायचे. २०१० च्या फेब्रुवारीत कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली, आणि शिक्षा झाली ती सिरसांना: विद्यापीठानं निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला आणि आठवडाभरात, ७ एप्रिलला, ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. आमच्या भाषेचा माणूस, परमुलखात आमची भाषा शिकवणारा. त्यांच्यावरच्या चित्रपटाच्या नुसत्या ट्रेलरला तुम्ही ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, असं प्रमाणपत्र दिलंत. ट्रेलरला ‘ए’ म्हणजे तो मोठ्या, घरच्यांनी मिळून बघायच्या चित्रपटांच्या आधी दाखवता येत नाही. म्हणजे हा चित्रपट आहे हेच पुष्कळांना कळत नाही. मी तो ट्रेलर पाहिला आहे. एकट्या माणसाच्या उदासपणापलीकडं त्यात काय होतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

गोव्याला हा विषय बाहेरून येऊन चिकटलेला नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या आमच्या म्हापशाकडच्या तरुणाला एचआयव्ही असल्याचं आढळलं म्हणून पोलिसांनी धरून नेलं आणि एका जुन्या क्षयरोग इस्पितळात चौसष्ट दिवस कोंडून ठेवलं. मी तेव्हा नवी नवी नोकरीला लागले होते. स्टाफरूममध्ये काय काय बोललं गेलं ते मला आठवतंय, इथं लिहवत नाही. त्या घटनेच्या प्रेरणेनं ओनीर यांनी २००५ मध्ये ‘माय ब्रदर निखिल’ काढला. त्यातल्या नायकाला सांभाळणारी दोन माणसं, त्याची बहीण आणि त्याचा जोडीदार. चित्रपट गोव्यात घडतो. १९८९ साली वर्तमानपत्रातून जे मला कळलं नव्हतं ते सोळा वर्षांनी त्या चित्रपटातून कळलं.

मराठीलाही हे नवं नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं. पुढच्याच वर्षी ‘उंबरठा’त आश्रमातल्या दोन बायकांचं नातं पडद्यावर दिसलं. रवी जाधव यांच्या ‘मित्रा’ या लघुपटाला तर सरकारनंच राष्ट्रीय पुरस्कार दिला. आणि २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’नं सनडान्समध्ये जागतिक विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार घेतला. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईचा तरुण आणि गावातलाच त्याचा बालमित्र, एवढीच गोष्ट. सुतक, शेत, लग्नाचं विचारून जीव काढणारे नातेवाईक. ही गोष्ट परदेशातून उसनी आणलीय असं म्हणायची कुणाची छाती होईल? माझ्या भावाला कुणीतरी मराठीत, त्याच्या रंगाच्या माणसांतून दाखवलं, ते त्याच्या वयाच्या पन्नाशीत. विशीत दाखवलं असतं तर?

आमच्या पेडण्यात आणि सत्तरीत अजून रात्र रात्र दशावतारी नाटक, रणमाले चालतं. लुगडं नेसून उभी असलेली द्रौपदी म्हणजे शेजारच्या वाड्यावरचा बाप्या आहे हे पहिल्या रांगेतल्या पोराला ठाऊक असतं, तरी वस्त्रहरणाला म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावतात. माझ्या भावाची गोष्ट ही नव्हे, दोन्हींची गल्लत करू नये, ते मला कळतं. मी प्रेक्षकांबद्दल बोलतेय. हा प्रेक्षक पडद्यावरच्या माणसाकडं माणूस म्हणून बघायला शिकलेला आहे. त्याच्या भावना दुखावतील असं तुम्ही त्याला न विचारता गृहीत धरता.

२०१७ चं इफ्फी मात्र आमच्या जिव्हारी लागलं, आणि त्याचा दोष तुमचा नव्हता हे मी नोंदवते. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ परीक्षकांनी भारतीय पॅनोरमासाठी निवडला होता. मंत्रालयानं तो आणि ‘एस दुर्गा’ यादीतून काढले, परीक्षक मंडळाचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. मराठी चित्रपटाचा मान गोव्यात होणार म्हणून आम्ही वाट बघत होतो. दोन महिन्यांनी तुम्हीच ‘न्यूड’ एकही कट न देता पास केलात. म्हणजे मनात आणलं तर तुम्हाला जमतं. म्हणून तर मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितेय.

आता मुद्द्याचं.

ते १९९१ चं कलम बदलण्याची शिफारस मंडळानं सरकारला करावी. तोवर निदान एवढं लेखी जाहीर करावं की दोन प्रौढांचं समलैंगिक नातं ‘विकृती’त मोडत नाही. तेवढ्यानं तुमच्या परीक्षण समितीत बसणाऱ्या चारचौघांच्या मनातला गोंधळ संपेल.

दृश्यं मोजायला एकच फूटपट्टी ठेवा. नायक-नायिकेनं जे केल्यावर ‘यूए’ मिळतं, तेच दोन बायकांनी किंवा दोन पुरुषांनी केल्यावर ‘ए’ मिळू नये. २०२३ च्या दुरुस्तीनं ७, १३ आणि १६ वर्षांच्या पायऱ्या आल्या आहेत, त्या याच कामाच्या आहेत. पालक म्हणून मला त्या पटतात. तेरा वर्षांच्या मुलानं काय बघावं हे सांगा, जरूर सांगा. कापू नका. श्याम बेनेगल समितीनंही २०१६ मध्ये हेच सांगितलं होतं की मंडळानं प्रमाणपत्र द्यावं, कात्री चालवू नये.

आणि अपिलाची जागा. तुमचा निर्णय मान्य नसला तर दिग्दर्शक पूर्वी अपील न्यायाधिकरणाकडं जायचे. एप्रिल २०२१ मध्ये ते बंद झालं आणि आता थेट उच्च न्यायालय. मोठ्या निर्मात्याला ते परवडतं. चार मित्रांकडून पैसे जमवून पहिला चित्रपट करणारी पोरगी वकिलाची फी कुठून भरणार? ती कापून घेते आणि गप्प बसते. तिचा नकार, तिची कारणं, कुठल्या समितीनं काय सुचवलं, हे सगळं सोप्या मराठी-हिंदीत संकेतस्थळावर दिसू दे. प्रेक्षकालाही कळू दे की पडद्यावरून काय गेलं.

‘ए’बद्दल मी एवढी का बोलतेय ते सांगून थांबते.

माझी आई चौऱ्याऐंशीची आहे. गुडघे गेलेत, थिएटरच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, मोबाइलवर चित्रपट बघणं तिला जमत नाही. तिच्यापाशी टीव्ही आहे. ‘ए’ मिळालेला चित्रपट टीव्हीवर येत नाही. आणायचा तर पुन्हा कापून, पुन्हा प्रमाणपत्र घेऊन, आणि तेव्हा नेमकी ती नखं कापल्यानंतरची शांतता उरते की नाही कुणास ठाऊक. म्हणजे तुम्ही ‘ए’ लिहिता तेव्हा माझ्या आईला ती गोष्ट या जन्मी दिसणार नाही, असा त्याचा अर्थ होतो. आणि भावानं तिला अजून सांगितलेलं नाही. मला जसे शब्द एका चित्रपटानं दिले तसे तिला कोण देणार?

दर चवथीला भाऊ आणि त्याचा मित्र आदल्या दिवशीच घरी येतात. मित्र स्टुलावर चढून गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधतो, भाऊ खाली स्टूल धरून उभा राहतो आणि एकेक फळ वर देतो: नारळ, सुपारीचं शिंपुट, तोरिंजन, कांगलां. आई खाटेवरून सांगत असते, हे इकडं, ते तिकडं. गेल्या वर्षी मित्राला ताप होता म्हणून तो उशिरा यायचा होता. शेजारचा मुलगा म्हणाला, आजी, मी बांधून देतो. आई म्हणाली, ‘‘नको. त्याला येऊ दे. आमची माटोळी तोच बांधतो.’’

तो संध्याकाळी आला. तोवर देवाच्या वरची चौकट रिकामीच होती.

आपली,
फोंड्याची एक निवृत्त शिक्षिका